पुणे–बंदीपूर–उटी–वालपराई–मुन्नार आणि परत कुद्रेमुखवरून: मित्रांसोबत गाडीने

घाटवाट (२६ ऑक्टोबर २०२५)

मंडळी, दसरा झाल्यावर आम्ही पाच मित्र एका गाडीने दक्षिणेत फिरून आलो. वर्णन टाकतोच, पण कामाचं आधी. या वाटेवर किलोमीटर मोजून दिवस आखला की तो हमखास बोंबलतो. नकाशा म्हणतो तीन तास, आणि जंगलाचं फाटक म्हणतं आता उद्या या. म्हणून आम्ही कागदावर पहिल्यांदा फाटकांच्या वेळा लिहिल्या, त्यावरून मुक्काम ठरवले आणि खादाडीची ठिकाणं सगळ्यात शेवटी. यावरून आमच्यातला एक जण अजून धुसफुसतोय.

म्हैसूरच्या पुढे गुंडलुपेटला रस्ता फुटतो. एक फाटा बंदीपूर-मुदुमलाईतून उटीला (राष्ट्रीय महामार्ग १८१), दुसरा सुलतान बत्तेरीवरून वायनाडात (७६६). दोन्ही रात्री ९ ते सकाळी ६ बंद. म्हैसूरहून एच. डी. कोटे, बावली करत नागरहोळेतून मानंतवाडीला जाणारा रस्ता तर संध्याकाळी ६ लाच बंद होतो. शिवाय नीलगिरी जिल्ह्यात शिरायला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ७ मे २०२४ पासून तो सुरू आहे. पैसे पडत नाहीत. गाडीचा नंबर, माणसं किती, राहणार कुठे, एवढं मोबाइलवर भरलं की झालं. पण नाक्यावर पोचून भरू म्हणाल तर तिथे नेमकी रेंज नसते, आणि हंगामात रोजच्या गाड्यांवर मर्यादा असते. या वर्षी एप्रिल ते जूनमध्ये आठवड्याच्या दिवसांना ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्या अशी होती.

आता वाट. पहाटे पुणं सोडलं. सातारा ते कागल रुंदीकरणाची वळणं अजून आहेतच, त्याबद्दल बोलून कोरडा घसा आणखी कोरडा करत नाही. पहिला मुक्काम चित्रदुर्ग. किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या बघा. पहारेकऱ्याच्या बायकोने, ओबव्वाने, मुसळ घेऊन जिथे हैदर अलीची माणसं टिपली ती खिंड खरोखर एका माणसापुरतीच आहे. आमच्यातला सगळ्यात सुखवस्तू गडी आडवा होऊन आत गेला. पुढे बंगळूर टाळायचं असेल तर हिरियूरला महामार्ग सोडा आणि हुळियार, नागमंगल करत १५०-ए ने थेट श्रीरंगपट्टणला उतरा. नारळीच्या बागा, तळी, मधूनच गतिरोधक. आमचा पूर्ण प्रवासातला सगळ्यात निवांत पट्टा हा.

म्हैसूर पळतच पाहिलं. दुसऱ्या दिवशी अंधारात निघून सहाच्या ठोक्याला बंदीपूरच्या नाक्यावर. रांगेत पुढे भाजीचे ट्रक, मागे आम्ही. फाटक उघडल्यावरचा पहिला अर्धा तास हाच खरा. नंतर उटीची गर्दी सुरू होते आणि जनावरं आत सरकतात. चितळ तर इतके की चौथ्या कळपानंतर कुणी मान वळवत नव्हतं. पण एका वळणावर डावीकडे, रस्त्यापासून फार तर वीस-पंचवीस पावलांवर, एक हत्तीण चरत होती. सोंडेने गवताचा झुबका उपटायचा, पुढच्या पायावर दोन-तीनदा आपटून माती झाडायची, मुळांकडचा भाग टाकून द्यायचा आणि मग तोंडात. पुढचा झुबका, परत तेच. घाई नाही. पिल्लू तिच्या पोटाखालून आमच्याकडे बघत होतं. आम्ही गाडी थांबवली नाही, फक्त हळू केली, कारण थांबायला मनाईच आहे. मागच्याने हॉर्न वाजवला, तिने कान फाकवले, आम्ही निघालो.

आमच्या पुढची गाडी मात्र थांबली होती आणि काच खाली करून वानरांना वेफर्स चालले होते. याच रस्त्यावर या वर्षी ऑगस्टमध्ये हत्तीसोबत सेल्फी काढायला उतरलेल्या एकाला हत्तीने तुडवता तुडवता सोडलं. त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. बरा झाल्यावर वन खात्याने त्याच्याकडून २५,००० रुपये दंड घेतला. योग्यच केलं.

उरलेलं उद्या टाकतो. हात दुखले.

निवांत_नाना (२६ ऑक्टोबर)

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो कुठायत? आणि गाडी कोणती, तेही सांगा. आमची पेट्रोल हॅचबॅक हे घाट चढेल का?

चक्रम (२६ ऑक्टोबर)

पाच जण, एक गाडी, इतके दिवस, आणि अजून मित्रच आहात? आमचा गट लोणावळ्याच्या पुढे गेला की खोपोलीपर्यंत तीन तुकडे होतात.

घाटवाट (२६ ऑक्टोबर)

नाना, गाडी दीड लिटर डिझेल, हाताने गिअर टाकायची. हॅचबॅक आरामात चढेल. वाटेत तमिळनाडूच्या नंबरच्या जुन्यापान्या मारुत्या आमच्या पुढे निघून जात होत्या. फक्त पाच माणसं आणि टपावर सामान असेल तर पहिल्या गिअरची लाज बाळगू नका.

चक्रम, तीन नियम होते. कॉन्ट्री निघायच्या आधीच एका डब्यात, म्हणजे "तुझे माझ्याकडे किती" हा विषय बंद. गाणी चालवणाऱ्याच्या पसंतीची. आणि तिसरा, मागे बसलेल्याने ब्रेक मारायचा नाही. तिसरा कुणी पाळला नाही.

रानहळद (२७ ऑक्टोबर)

छान लिहिलंय. दोन गोष्टी जोडते, मी या भागात वनस्पतींच्या कामासाठी राहिले आहे.

बंदीपूर-मुदुमलाईत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी गुलाबी-केशरी फुलांची दाट जाळी दिसते ती आपली घाणेरी. आपली म्हणजे आपल्याकडेही माजलेली, मूळची परदेशी. तिच्याखाली गवत उगवत नाही, म्हणजे चितळ-गव्याचं ताट गेलं. आणि मुदुमलाई-वायनाडकडे पिवळ्या घोसांनी लगडलेली झाडं दिसली असतील. लोक त्याखाली फोटो काढतात. ती परदेशी सेन्ना. शोभेसाठी आणली, आता काढता काढता वन खात्याच्या नाकी नऊ आलेत. गुडलूर भागातले आदिवासी कारागीर घाणेरीच्या काड्या उकळून, सोलून त्यांचे खऱ्या मापाचे हत्ती बनवतात, ते जरूर बघा.

दुसरं, हा सगळा पट्टा एकसंध आहे. बंदीपूर, नागरहोळे, मुदुमलाई, वायनाड ही नावं माणसांची. १९८६ मध्ये देशातलं पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून नीलगिरी जाहीर झालं ते याच सलगतेमुळे. हत्ती उन्हाळ्यात काबिनीच्या पाण्याकडे सरकतात, पावसात पांगतात. मोयार नदी ओलांडली की राज्य बदलतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पेठकर (२७ ऑक्टोबर)

सगळं ठीक. पण राष्ट्रीय महामार्ग रात्रभर बंद ठेवायचा ही कुठली पद्धत? वेग कमी करा, कॅमेरे लावा, दंड करा. नऊ तास रस्ता बंद म्हणजे सरकारने हात वर केले.

कोचीकर_मराठी (२७ ऑक्टोबर)

पेठकर, तुमचंच म्हणणं वायनाडचे लोक गेली पंधरा-सोळा वर्षं मांडतायत. २००९ मध्ये चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ही बंदी घातली, २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये दिवसाही रस्ता बंद होणार अशी हवा उठली तेव्हा सुलतान बत्तेरीत उपोषणं झाली, मोर्चे निघाले. केरळला गुंडलुपेटची भाजी लागते, वायनाडच्या माणसाला इलाजाला म्हैसूर जवळ पडतं. बाहेरून येणाऱ्याला नऊ तास म्हणजे एक मुक्काम, तिथल्याला रोजचं जगणं. एवढं लक्षात ठेवून बोला इतकंच.

रानहळद (२७ ऑक्टोबर)

कोचीकर, तुमचा मुद्दा मान्य. पण रुग्णवाहिका सोडतात, दोन्ही राज्यांच्या मोजक्या बस सोडतात आणि हुणसूर-गोणिकोप्पा-कुट्टावरून दुसरी वाट आहे. लांब पडते, पण आहे. पेठकर, कॅमेऱ्याने वेग दिसतो, अंधारात दिव्यांकडे बघत थिजलेला चितळ वाचत नाही. बंदीच्या आधी रात्री त्या रस्त्याने गेलेल्यांना विचारा सकाळी कडेला काय काय पडलेलं असायचं.

पेठकर (२७ ऑक्टोबर)

मग जनावरांसाठी खालून वाट ठेवून उड्डाणपूल बांधा. समृद्धीवर बांधलेत की.

घाटवाट (२७ ऑक्टोबर)

उन्नत रस्त्याचा प्रस्ताव निघालेलाही आहे. पण बांधायला जेवढी वर्षं जंगलात यंत्रं चालतील त्याचं काय? माझं मत विचाराल तर बंदी असावी, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांवर दिवसाही थोडी जास्तच असावी. वायनाडकरांचा प्रश्न वेगळा, तो मला पुण्यात बसून सोडवता येणार नाही.

आता दुसरा भाग.

तेप्पकाडूला मुदुमलाईचं स्वागत केंद्र आणि हत्तींची छावणी. संध्याकाळी हत्तींना नाचणीचे, भाताचे मोठे मोठे गोळे खायला घालतात ते पाहिलं. माहूत प्रत्येक गोळा हाताने दाबून थेट तोंडात ठेवतो. कुठल्या हत्तीला काय आणि किती, याचा तक्ता असतो. इथून उटीला दोन रस्ते. गुडलूर, नडुवट्टम, पैकारावरून जाणारा लांबचा पण सोपा. मसिनगुडी-कल्लट्टीवरून जाणारा तीसेक किलोमीटरने जवळचा, छत्तीस केसपिनी वळणांचा. कल्लट्टी घाट उतरायला बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कारण ब्रेक तापून गाड्या दरीत गेल्यात. चढायला लहान गाड्या सोडतात, पण पाऊस, दरड, हंगाम यावर नियम फिरतो. तेव्हा मसिनगुडीच्या नाक्यावर विचारा आणि ते नाही म्हणाले तर हुज्जत न घालता गुडलूर धरा.

आम्हाला सोडलं. मसिनगुडीला काटेरी झुडपं, कोरडी हवा, उकाडा. वीस वळणांनंतर काचा खाली, तिसाव्या वळणाला स्वेटर. एसी बंद, पहिला-दुसरा गिअर, वरून येणाऱ्या जीपच्या ब्रेकचा जळका वास. चालवणारा सोडून सगळे गप्प. हे आमच्या गटात फार क्वचित घडतं.

एक गोष्ट ठळक सांगतो. मसिनगुडीत मुक्कामाच्या ठिकाणी एकाने हळूच येऊन "नाइट सफारी"साठी विचारलं. जीप, सर्चलाइट, हत्ती नक्की दिसणार वगैरे. जंगलात रात्री असं फिरवणं बेकायदा आहे. पकडले तर दंड तुम्हालाही. आणि झोपलेल्या जनावराच्या डोळ्यात झोत मारून काय मिळवायचंय? आम्ही नाही म्हटलं तर तो म्हणाला, पुण्याचे सगळे येतात. हे ऐकून बरं वाटलं नाही.

कोल्हापुरी_गडी (२८ ऑक्टोबर)

भावा, लई भारी. घाट उतरायचं एकच सूत्र सांगतो, पोरं ऐकत नाहीत म्हणून. ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, मारायचा आणि सोडायचा. ऑटोमॅटिक असंल तर एल किंवा मॅन्युअलला टाका, डी मध्ये उतरू नका. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा शहाणा गाडीत असंल तर त्याला मागं बसवा. आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम हाय, मेहरबानी न्हवं. आमच्या गगनबावड्यात पण हेच बोंबलून सांगावं लागतंय.

सई_म (२८ ऑक्टोबर)

आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या आसपास, जानेवारीत असंच काहीतरी करायचं म्हणतोय. दोघी गाडी चालवतात. घरच्यांचं म्हणणं ड्रायव्हर घेऊन जा. तुमचं काय मत? आणि एकीला गाडी लागते, तिचं काय करायचं?

मैसूरपाक (२८ ऑक्टोबर)

सईताई, मी गेली बरीच वर्षं म्हैसूरला आहे आणि आम्हा बायकांचा गट दरवर्षी या बाजूला जातो. ड्रायव्हर नको. त्याच्या जेवणाची, झोपेची, मूडची काळजी आपणच करत बसतो. चार पथ्यं पाळा. साडेचार-पाचनंतर घाटात नाही. मोठ्या महामार्गावरच्या पंपांची स्वच्छतागृहं बरी असतात, जंगलात शिरण्याआधी गुंडलुपेटला थांबूनच घ्या, कारण आत थांबता येत नाही. डोंगरावर धुकं आलं की पुढच्या गाडीच्या दिव्यांमागे सावकाश, आणि ओव्हरटेक मनातही आणायचा नाही. भाषेची भीती बाळगू नका, "अक्का" म्हटलं की तमिळ आणि कन्नड दोन्हीकडे काम होतं.

गाडी लागणारीला पुढे बसवा, मोबाइल काढून घ्या, पोट रिकामंही नको आणि मसाला डोसा खाऊन तडस लागलेलंही नको. आलेपाक तोंडात. आमच्यातल्या अशाच एकीला आम्ही शेवटी चालवायलाच बसवलं. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही!

चक्रम (२८ ऑक्टोबर)

म्हणजे आता तिला नाही लागत, बाकी तिघींना लागते.

मैसूरपाक (२८ ऑक्टोबर)

चक्रम, तुमचा आयडी तुम्हाला शोभतो. (हलके घ्या.)

घाटवाट (३० ऑक्टोबर)

उटी गावावर फार लिहित नाही. तलाव, घोडे, चॉकलेट आणि गाडी लावायला जागा नाही. दोड्डबेट्टा (२,६३७ मीटर) धुक्यात होता, आम्ही धुक्याचे फोटो काढले. पण डोंगरी आगगाडीत जरूर बसा. मेट्टुपाळयम ते कुन्नूर १८९९ मध्ये आणि उटीपर्यंत १९०८ मध्ये सुरू झाली, २००५ पासून जागतिक वारसा. मेट्टुपाळयम-कुन्नूर चढावर रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी आहे, त्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकतं. खटक-खटक लय पायाखाली जाणवते. जागा खूप आधी आरक्षित कराव्या लागतात. आम्हाला कुन्नूर-उटी एवढंच मिळालं, त्या तुकड्यात दाते नाहीत.

राहायचं तर कोटगिरीला राहा. चहाचे मळे तेच, गर्दी निम्मीही नाही. हंगामात वाहतूक एकदिशा करतात, कुन्नूरमार्गे वर आणि कोटगिरीमार्गे खाली, तेही सोयीचं पडतं. आणि नीलगिरीत प्लॅस्टिकची पाण्याची बाटली दिसली की नाक्यावर काढून घेतात, दंड वेगळा. आम्ही स्टीलच्या बाटल्या नेल्या होत्या, पण एकाच्या सॅकमध्ये तळाशी अर्धी बाटली निघाली. हवालदाराने ती सापडल्यावर आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही पाचही जण गुन्हेगार.

आता वालपराई. माझ्या लेखी सगळ्या प्रवासाचा अर्क इथे आहे. पोळ्ळाचीहून आळियार धरण, मग चाळीस वळणं. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेली पाटी, १/४०, २/४०. रस्ता कल्लट्टीच्या मानाने रुंद आणि गुळगुळीत. नवव्या वळणावर खाली धरणाचं पाणी दिसतं. तिथल्या कठड्यावर नीलगिरी ताहर उभे होते. डोंगरी बकऱ्याच त्या, जाडजूड, मागे वळलेल्या शिंगांच्या. माणसांकडे बघत रवंथ चालू.

वर पोचल्यावर सगळा चहा, आणि चहाच्या मधे मधे जुन्या सदाहरित जंगलाचे तुकडे शिल्लक. पुदुतोट्टमजवळ सिंहपुच्छ वानरं दिसतात. काळीभोर, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ. त्यांना रस्ता ओलांडताना गाडीखाली यायला नको म्हणून दोन्ही कडांच्या झाडांत उंच झुलते पूल बांधलेत. आम्ही उभे होतो तेव्हा एक मादी पिल्लू पोटाशी घेऊन त्यावरून गेली. मागून दोन तरणे आले, ते मात्र पूल सोडून थेट आमच्या गाडीच्या टपावर. हत्तींसाठीही एक चांगली सोय आहे. वस्त्यांजवळ खांबांवर लाल दिवे आहेत. आसपास हत्ती असले की स्थानिक माणूस मोबाइलवरून दिवा लावतो, आणि लोकांना निरोपही जातात. मळ्यातून दिवस मावळल्यावर पायी फिरू नका, बिबटे आहेत आणि माणसं गेली आहेत.

निवांत_नाना (३० ऑक्टोबर)

हॉर्नबिल दिसले का?

घाटवाट (३० ऑक्टोबर)

राजधनेश, जोडी. आधी पंखांचा आवाज आला, मग पक्षी. आमच्यातला एक जण म्हणाला, हेलिकॉप्टर. फोटोत काळा ठिपका आलाय, तो टाकत नाही. शेकरूही खूप. भीमाशंकरला एक दिसलं तर आपण आठवडाभर सांगतो, इथे न्याहारीच्या वेळी समोर.

कोचीकर_मराठी (३१ ऑक्टोबर)

वालपराईहून परत पोळ्ळाचीला उतरलात की मलक्कप्पाराने अथिरप्पिळ्ळीला? दुसरा रस्ता पूर्ण जंगलातला, माझा सगळ्यात आवडता. दोन्ही टोकांना वन खात्याचं नाकं आहे, गाडीतल्या वस्तूंची नोंद होते, चिठ्ठीवर वेळ टाकतात आणि ठरलेल्या वेळात पलीकडे निघावंच लागतं. संध्याकाळनंतर सोडत नाहीत. हत्ती समोर उभा राहिला तर मागे घ्या. हॉर्न नाही, दिवे नाहीत, व्हिडिओ तर नाहीच.

घाटवाट (१ नोव्हेंबर)

कोचीकर, आम्हाला मुन्नार गाठायचं होतं म्हणून परत पोळ्ळाची, उडुमलपेट आणि चिन्नार. बरं झालं, नाहीतर चिन्नार हुकलं असतं. इतका वेळ ओलं हिरवं बघून डोळे निवले होते आणि अचानक पर्जन्यछायेतलं कोरडं काटेरी रान, आमच्या माणदेशासारखं. पुढे मरयूर. चंदनाची झाडं कुंपणाआड, प्रत्येक झाडाला क्रमांक. उसाची गुऱ्हाळं चालू होती. तिथल्या गुळाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. कऱ्हाडचा मित्र गुऱ्हाळवाल्याच्या शेजारी उकिडवा बसून हातवाऱ्यांनी अर्धा तास बोलला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. कढईतली पाकाची गोळी पाण्यात टाकून दोघांनी बघितली, मान डोलावली. कामच झालं.

एराविकुलम राष्ट्रीय उद्यान मुन्नारच्या अलीकडे. आपली गाडी खाली लावायची, वर वन खात्याची बस. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरांची वीण असते तेव्हा उद्यान बंद, हे सईताईंनी लक्षात घ्यावं, जानेवारीत पुढे-मागे झालं तर हुकेल. समोर अनैमुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. तिथे चढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. डोंगरावर नुसतं गवत आणि फक्त घळींमध्ये झाडी, त्याला शोला म्हणतात. पाऊस तिथे मुरतो आणि वर्षभर झिरपतो.

रानहळद (१ नोव्हेंबर)

नीलकुरिंजी तिथेच. बारा वर्षांनी एकदा फुलते, २०१८ ला फुलली, आता २०३०. आपल्या सह्याद्रीतली कारवी तिचीच बहीण, ती सात-आठ वर्षांनी. २०३० ला जाणारे असाल तर आत्तापासून सांगा, तेव्हा तिकिटं मिळणार नाहीत.

चक्रम (१ नोव्हेंबर)

+१. नाव लिहून ठेवा. तोपर्यंत आमच्या गटातले दोघे परत बोलायला लागतील.

पेठकर (२ नोव्हेंबर)

खर्च किती आला? एकूण आकडा टाका की, सगळे तेवढंच सोडून सगळं लिहितात.

घाटवाट (२ नोव्हेंबर)

डिझेल-टोल, राहणं, खाणं, असे साधारण तीन सारखे वाटे झाले. राहण्याचा वाटा तुमच्यावर आहे. जंगलाला खेटून असलेल्या रिसॉर्टांचे भाव ऐकून आम्ही गावात साध्या लॉजवर राहिलो आणि काहीही बिघडलं नाही. हत्तीण फुकट दिसली. पैसे भरून केलेल्या सफारीत मोर.

परतीचं थोडक्यात. कोचीकडून किनाऱ्याचा महामार्ग ६६, केरळात सहापदरीकरणाचं काम चालू, धूळ आणि वळणं. तो भाग विसरण्यासारखा. मंगळूरनंतर कार्कळला बाहुबलीची मूर्ती, आणि तिथून एस. के. बॉर्डरच्या नाक्यावरून कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात. इथेही वेळ लिहिलेली चिठ्ठी, मध्ये थांबायचं नाही. आत लोखंडाच्या खाणीचं गाव. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २००५ च्या शेवटी खाण बंद झाली. त्याआधी खनिजाचा रबडा नळाने डोंगर उतरून मंगळूरपर्यंत जायचा. आता रांगेने रिकामी घरं, शाळा, त्यात शेवाळ. याच जंगलात गंगामूळला तुंगा, भद्रा आणि नेत्रावती उगम पावतात. तिथे खाण चालू होती हे बघितल्याशिवाय पटत नाही.

मैसूरपाक (१६ नोव्हेंबर)

धागा वर काढते, कारण दोन बदल झालेत. एक, १ नोव्हेंबरपासून वालपराईलाही ई-पास लागतो. दोन, म्हैसूर-चामराजनगर भागात वाघांनी शेतकऱ्यांवर हल्ले केल्यामुळे कर्नाटकने बंदीपूर आणि नागरहोळेच्या सफारी बंद केल्यात. सगळे वन कर्मचारी वाघ शोधायला लावलेत. महामार्ग दिवसा चालू आहे. ज्यांनी सफारीचे आगाऊ पैसे भरलेत त्यांनी चौकशी करा.

पेठकर (१६ नोव्हेंबर)

बघा! आता सफारीपण बंद. पर्यटनावर जगणाऱ्या माणसांनी काय करायचं?

रानहळद (१६ नोव्हेंबर)

पेठकर, वाघाने ज्यांच्या घरातलं माणूस नेलं त्यांच्याच गावातून जीप भरभरून लोक वाघ बघायला जात होते. गावकऱ्यांचा राग तिथून आला. जीप चालवणाऱ्यांचं नुकसान होतंय हे खरंच आहे, त्यातले बरेच त्याच गावांतले आहेत.

सई_म (१७ नोव्हेंबर)

मग आम्ही काय करावं? जानेवारीची तिकिटं, म्हणजे रजा, टाकून झाल्यात.

घाटवाट (१७ नोव्हेंबर)

सईताई, सफारी धरूच नका. सहाला बंदीपूरचं नाकं, सावकाश तेप्पकाडू. मुदुमलाई तमिळनाडूत आहे, तिथला निर्णय वेगळा, केंद्रावर विचारा. मग गुडलूरमार्गे वर आणि कोटगिरीला दोन रात्री. पहिल्याच खेपेला वालपराई आणि मुन्नार दोन्ही नको, एकच घ्या. गाडी लागणारी आहे तर चाळीस वळणांपेक्षा चिन्नारचा रस्ता तिला सोसेल.

सई_म (१८ नोव्हेंबर)

मतदान घेतलं. जिला गाडी लागते तिनेच वालपराईला मत दिलं. म्हणते, वानर बघायचाय, उलट्या मी घरीही करते. मुन्नार रद्द. पोळ्ळाचीला शाकाहारी जेवण कुठे चांगलं, तेवढं कुणीतरी सांगा.

कोचीकर_मराठी (१८ नोव्हेंबर)

कुठेही. पोळ्ळाचीत केळीच्या पानावर दुपारचं जेवण वाढणारी साधी मेस बघा आणि घाटाच्या आधी जेवू नका, उतरल्यावर जेवा.